वेल म्हातारा होण्याआधी

द्राक्ष आणि वाईनच्या जगातून गेलेल्या, जाऊ लागलेल्या गोष्टींची ही यादी. पहिली नोंद, विंचूरच्या पाट्या. नाशिकहून निफाडमार्गे येवल्याकडे निघालं की विंचूर लागतं. २००१ साली महाराष्ट्र सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण जाहीर केलं, वाईनवरचं उत्पादन शुल्क माफ केलं आणि दोन वाईन पार्क आखले. एक विंचूरला, दुसरा सांगली जिल्ह्यात पलूसला. पुढची पाच-सात वर्षं नाशिक जिल्ह्यात ज्याच्या त्याच्या तोंडी वायनरी होती. बँकेचं कर्ज, आठ-दहा स्टीलच्या टाक्या, एक प्रेस, एक चिलर आणि हमरस्त्यावर पाटी. पाटीवर द्राक्षाचा घड आणि फ्रेंच वाटावं असं नाव. मालक बहुधा स्वतःच बागायतदार. सकाळी बागेत, दुपारी टाक्यांपाशी, संध्याकाळी उत्पादन शुल्काच्या रजिस्टरवर वाकलेला.

२००८ ची मंदी आली, नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली आणि वाईन टाक्यांतच राहिली. वायनरीचं गणित इथे फार निष्ठुर असतं. जानेवारीत नवं पीक उतरायला लागतं तेव्हा टाकी रिकामी हवी. गेल्या वर्षीचा माल पडून असेल तर नव्या द्राक्षांना जागा नाही, आणि वाईनची द्राक्षं दुसरीकडे खपत नाहीत. मणी बारीक, साल जाड, आत बिया. मंडईत कुणी हात लावत नाही, बेदाणाही होत नाही. कितीतरी शेतकऱ्यांनी त्या दोन-तीन हंगामांत वाईनची शिराझ आणि काबर्ने उपटून पुन्हा खाण्याची थॉमसन लावली. तेव्हा बंद पडलेल्या छोट्या वायनऱ्यांची नावं आज नाशिकच्या तरुणांनाही सांगता येत नाहीत. त्यांची वाईन चांगली होती की वाईट हा प्रश्न वेगळा. काहींची वाईटच होती. पण एकेका तालुक्यात वेगवेगळ्या मातींतून वेगवेगळी माणसं आपापल्या तऱ्हेने काही करून बघत होती. ते करून बघणं थांबलं, याचं मला दुःख आहे.

टाकीवरची काळी पाटी. छोट्या वायनरीत प्रत्येक टाकीला एक टांगलेली असे. तिच्यावर खडूने वाण, माल आल्याची तारीख, तापमान, ब्रिक्स म्हणजे रसातली साखर. सकाळ-संध्याकाळ रस काढायचा, हायड्रोमीटर तरंगवायचा, जुना आकडा पुसायचा आणि नवा लिहायचा. साखर उतरत चालली की आकडा उतरायचा आणि आकड्यावरून टाकीत काय चाललंय ते दारातूनच कळायचं. आता संवेदक आहेत, तक्ते संगणकावर आपोआप उमटतात, आणि ते अधिक अचूक आहे. मात्र पाटी पुसायला गेलेला माणूस टाकीला हात लावून बघायचा, झाकणाशी नाक न्यायचा. अंडं नासल्यासारखा वास येऊ लागला की यीस्टला पोषण कमी पडतंय, हे त्याला संवेदकाआधी समजायचं.

नारायणगावची ओमर खय्याम. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावला शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात वायनरी काढली. फ्रान्समधल्या शॅम्पेन प्रांतातल्या पायपर-हायडसिक या घराण्याचं तंत्रसाहाय्य घेतलं, आणि बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेली, बुडबुड्यांची वाईन तयार केली. परदेशात ती ‘ओमर खय्याम’ या नावाने गेली, देशात ‘मार्कीज द पॉम्पादूर’ या नावाने. जुन्नर तालुक्यातली ही बाटली युरोपच्या बाजारात विकली जात होती तेव्हा नाशिकात सुला ही वायनरी नव्हती, ग्रोव्हर यांची बंगळुरूजवळची वाईन दुकानात यायची होती. पुढे कंपनी फार वेगाने पसरली, कर्जात गेली आणि २००८ नंतरच्या दोन-तीन वर्षांत कोसळली. कोसळण्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या. त्याआधी पंचवीस वर्षं तिथे जे शिकलं गेलं त्याची गोष्ट कुणी लिहिली नाही. बाटल्या फळीवर तिरप्या लावून रोज थोड्या थोड्या फिरवायच्या, म्हणजे गाळ तोंडाशी येतो. मग तोंड गोठवायचं, दाबाने गाळ उडवायचा आणि लगेच बूच ठोकायचं. शॅम्पेनमध्येसुद्धा हे फिरवण्याचं काम आता बहुतेक ठिकाणी यंत्राचे पिंजरे करतात. मराठी माणसाच्या हातात ते कसब एकदा आलं होतं, एवढं तरी लिहून ठेवलं पाहिजे.

त्याही आधीची बारामतीची ‘बॉस्का’ वाईन. नाव आठवणारी माणसं आता साठीच्या पुढची.

पांगाऱ्यावरची बाग. लोखंडी अँगल आणि तारा येण्याआधी आपल्याकडे द्राक्षाचा वेल जिवंत झाडावर चढवत. वेलाशेजारी पांगाऱ्याचा फाटा रोवायचा. तो पटकन जीव धरतो. वेल त्याच्या आधाराने वर जातो, आणि पांगारा दरवर्षी छाटायचा म्हणजे सावली फार होत नाही. छाटलेला पाला बागेतच कुजवायचा. प्रत्येक वेलाला स्वतःचा एक पांगारा. नाशिक, पुणे, दौलताबाद या पट्ट्यातल्या जुन्या बागा अशा होत्या. आंध्रातून अनाबेशाही ही जात आली तिच्याबरोबर मांडव आला, थॉमसन आली आणि पुढे वाय आकाराचे सांगाडे आले. त्यांनी उत्पन्न वाढलं, फवारणी सोपी झाली, मजुराची मान मोडायची थांबली. पांगारा गेला ते योग्य कारणासाठीच गेला.

त्याच्याबरोबर वाणंही गेली याला मात्र तेवढं चांगलं कारण नव्हतं. भोकरी, फकडी, काळी साहेबी, पंढरी साहेबी, हबशी. पंढरी साहेबीच्या रोपांतून पुण्याच्या गणेशखिंड बागेत डॉ. जी. एस. चीमा यांनी निवडलेली चीमा साहेबी. बियांची द्राक्षं, जाड सालीची, आपापल्या चवीची. बिनबियांच्या थॉमसनपुढे त्यांचा टिकाव लागला नाही. त्यानंतर महाराष्ट्राच्या शेतकऱ्याने थॉमसनच्याच बागेत डोळ्यांत तेल घालून वेगळी फांदी हेरली आणि तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन ही वाणं पुढे आणली. ती निरीक्षणशक्ती फार मोठी होती. पण एकाच आईची लेकरं घेऊन सगळा जिल्हा उभा राहिला. आता त्यांचीही पाळी आली आहे. परदेशातली पेटंट असलेली नवी वाणं येताहेत, त्यांची काडी शेजाऱ्याला देता येत नाही. शेजाऱ्याला काडी देणं हेसुद्धा या यादीत लिहून ठेवतो.

दौलताबादच्या द्राक्षांना आणि डाळिंबांना वर्षातून दोनदा फळ येतं असं चौदाव्या शतकात इब्न बतूताने नोंदवून ठेवलं आहे. आज आपण दोनदा छाटतो आणि एकदाच फळ घेतो. एप्रिलची खरड छाटणी काडी घडवण्यासाठी, ऑक्टोबरची गोडी छाटणी फळासाठी.

स्वतःच्या मुळावरचा वेल. दोन-तीन पिढ्यांपूर्वी द्राक्षाची काडी सरळ जमिनीत लावत. जमिनी खारवल्या, पाणी तुटलं, आणि १९९० च्या आसपास कलमं सुरू झाली. खाली डॉगरिजचा खुंट, टेक्सासकडच्या जंगली वेलाचा. वर आपलं वाण. खुंट आधी लावायचा, पावसाळा सरता सरता त्यावर काडी भरायची. आज नव्या लागवडीत स्वतःच्या मुळावरचा वेल शोधून सापडणं कठीण.

युरोपात हेच दुसऱ्या कारणाने घडलं. १८६० च्या दशकात अमेरिकेहून फिलॉक्सेरा नावाची मुळं शोषणारी कीड फ्रान्समध्ये पोचली आणि तीस-चाळीस वर्षांत जवळजवळ सगळ्या बागा मेल्या. उपाय एकच निघाला, अमेरिकेच्याच वेलाचा खुंट. त्या आधीची बाग कशी होती हे दाखवणारे फार थोडे तुकडे उरले. शॅम्पेनमधल्या बोलिंजे या घराण्याकडे असे तीन होते. तिथे नवा वेल लावत नाहीत. जुना वेल वाकवून मातीत पुरतात, आपल्या दाब कलमासारखा, आणि तो पुढे जाऊन फुटतो. ओळी नाहीत, तारा नाहीत, कामाला घोडा. या तिन्हींतला बूझी गावातला तुकडा २००४ साली फिलॉक्सेराने गेला. सव्वाशे वर्षं चुकवलेली कीड शेवटी आलीच. आय गावातले दोन राहिले. त्यांच्यापासून होणारी वाईन अतिशय महाग असते आणि माझ्या पाहण्यात ती येण्याची शक्यता नाही. तरी ते दोन तुकडे उभे आहेत याचा मला आनंद आहे.

घरचं बोर्डो. फ्रान्समधल्या बोर्दो प्रांताचं नाव आपल्या खेड्यापाड्यांत वाईनमुळे पोचलेलं नाही, फवारणीमुळे पोचलं आहे. १८८२ साली मेदोक भागात मिलार्दे नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ केवडा रोगाने पानगळ झालेल्या बागा बघत हिंडत होता. रस्त्याकडेच्या ओळींतली पानं तेवढी शाबूत होती. जाता-येता कुणी घड तोडू नये म्हणून बागवाल्याने त्या ओळींवर मोरचूद आणि चुना शिंपडला होता. तिथून बोर्डो मिश्रण निघालं.

आमच्याकडे ते करायची रीत ठरलेली होती. एक किलो मोरचूद रात्रभर भिजत, तेही लोखंडाच्या भांड्यात नाही. कळीचा चुना वेगळा विरघळवायचा, गाळायचा. दोन्ही द्रावणं ढवळत एकत्र करायची, सगळं मिळून शंभर लिटर पाणी. मग विळ्याचं पातं बुडवून बघायचं. पात्यावर तांबूस थर चढला तर तांबं मोकळं आहे, पानं जळतील. आणखी चुन्याची निवळी घालायची. पातं स्वच्छ निघालं की फवारा मारायचा, आणि तो त्याच दिवशी संपवायचा. ड्रमभोवती उभं राहून निळा रंग नीट जमलाय की नाही हे सांगणारी माणसं गावात असत. आता तयार पुड्या मिळतात, एका टाकीला एक पुडी. युरोपीय संघाने तर तांब्यावरच मर्यादा घातली आहे, सात वर्षांत हेक्टरी २८ किलोपेक्षा जास्त नाही, कारण तांबं मातीत साचतं आणि गांडुळांना मारतं. ते बरोबरच आहे. पण विळ्याचं पातं बुडवणारा शेतकरी रसायनशास्त्राचा एक प्रयोग दर हंगामात स्वतःच्या डोळ्यांनी बघत होता. पुडी फाडणाऱ्याला पुडीवर विश्वास ठेवावा लागतो.

निफाडच्या शेकोट्या. डिसेंबर-जानेवारीत पारा चार-पाच अंशांवर उतरला की मणी तडकतात, म्हणून रात्री बागेत पाचट पेटवून धूर करायचा. अजून करतात. थंडी तेवढ्या रात्री टिकत नाही.

मे महिन्यातलं कोरडं ऊन. ही खरी मोठी नोंद. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की नव्या काड्या फुटतात आणि साधारण चाळीस ते साठ दिवसांच्या दरम्यान त्या काडीच्या डोळ्यात ठरतं, पुढच्या हंगामात इथून घड निघणार की नुसती बाळी, म्हणजे बिनफळाचा तणावा. डोळ्याला त्या वेळी ऊन लागतं. आपल्या वैशाखातलं कोरडं, पांढरं ऊन त्यासाठीच होतं. त्याला शिव्या देत देत त्याच्यावरच सगळी द्राक्षशेती उभी राहिली. २०२५ चा मे महिना पावसात गेला, आणि पाऊस लवकर आला तो लांबतच गेला. ऑक्टोबरात छाटणी झाल्यावर कितीतरी बागांत घडच निघाले नाहीत. खाण्याच्या द्राक्षाचं नुकसान बातमीत येतं कारण निर्यातीचा आकडा मोठा असतो. वाईनची द्राक्षं त्याच उन्हावर अवलंबून आहेत. ज्याच्या चार एकरांवर वायनरी चालते त्याला एक वर्ष फळ नाही म्हणजे त्या वर्षाची वाईन नाही, आणि दुकानदार त्याची फळी दुसऱ्याला देऊन टाकतो.

जर्मनीतली आईसवाईन. द्राक्षं वेलावरच ठेवायची, उणे ७ अंशांची रात्र यायची वाट बघायची, पहाटे गोठलेले मणी तोडून तसेच दाबायचे. पाणी बर्फ होऊन मागे राहतं, घट्ट गोड रस निघतो. ऱ्हाइनजवळच्या द्रोमर्सहाइमला १८३० च्या फेब्रुवारीत ही पहिल्यांदा झाली असं मानतात. २०१९ च्या हंगामात जर्मनीच्या तेराही वाईन प्रांतांत एकाही ठिकाणी पुरेशी थंड रात्र आली नाही. एका देशाच्या वाईनच्या यादीतली एक ओळ त्या वर्षी कोरी राहिली. हे असं पहिल्यांदाच झालं.

बूच. पोर्तुगालच्या आलेन्तेझू भागात बुचाच्या ओकची रानं आहेत. झाड पंचवीस वर्षांचं झाल्याशिवाय त्याची साल काढता येत नाही, आणि एकदा काढली की नऊ वर्षं थांबावं लागतं. पहिल्या दोन खेपांची साल खडबडीत निघते. बाटलीला चालेल असं बूच तिसऱ्या खेपेपासून मिळतं, म्हणजे झाड चाळिशी ओलांडल्यावर. साल काढणारा कुऱ्हाडीने ती सोलतो, आतल्या जिवंत पापुद्र्याला धक्का न लावता, आणि खोडावर पांढऱ्या रंगाने त्या वर्षाचा शेवटचा आकडा घालतो, म्हणजे पुढे नऊ वर्षांनी येणाऱ्याला हिशेब लागतो. आग्वाश द मोऊरा गावात १७८३ साली लावलेलं एक झाड आहे. पाखरांच्या गजबजाटामुळे त्याला ‘शीळ घालणारा’ म्हणतात. १९९१ साली त्या एकट्या झाडाची १,२०० किलो साल निघाली आणि तिची एक लाखाहून जास्त बुचं झाली. जो माणूस हे झाड लावतो तो त्याचं चांगलं बूच बघेलच असं नाही. तरी पिढ्यानपिढ्या लावत आले.

२००० साली ऑस्ट्रेलियाच्या क्लेअर व्हॅलीतल्या वाईनवाल्यांनी एकत्र येऊन आपल्या रिझलिंगला फिरकीचं झाकण लावलं, पुढच्याच वर्षी न्यूझीलंड त्या वाटेला लागलं. बुचातल्या बुरशीमुळे वाईनला ओल्या पुठ्ठ्याचा वास लागतो, तो झाकणाने टळतो. आपल्याकडे तर झाकणच हवं. आपल्या दुकानांत बाटली उभी ठेवतात, एप्रिलमध्ये दुकान तापतं, बूच सुकतं, हवा आत जाते. नाशिकच्या वाईनला बूच नको, हे माझं स्पष्ट मत आहे. एवढं असूनही आलेन्तेझूच्या रानासाठी जीव हळहळतो, कारण बुचाला भाव नसेल तर नऊ वर्षं थांबायला कुणी तयार होणार नाही आणि त्या जमिनीवर झटपट वाढणारं दुसरं काही येईल.

पायाने तुडवणं. पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यात ग्रॅनाइटच्या हौदांत उतरून, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, रात्री तालावर तुडवत. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे पायासारखं दाबणारी यंत्रं आली. आपल्याकडे तुडवण्याची परंपरा नव्हतीच. वायनरीत येणाऱ्या पाहुण्यांसाठी फेब्रुवारीत हौद भरतात, फोटो निघतात, आणि त्या द्राक्षांची वाईन करत नाहीत.

घरची नावं. गंगापूर धरणाच्या बाजूची यॉर्क ही गुरनानी कुटुंबाची वायनरी २०२१ साली सुलाकडे गेली. दिंडोरी तालुक्यातली चारोसा आणि पाटस-बारामती रस्त्यावरच्या रोटीची फोर सीझन्स या वायनऱ्या ग्रोव्हर झाम्पा कंपनीकडे गेल्या. मोठ्या कंपनीने घेतल्यामुळे बागा टिकल्या, पगार चालू राहिले, हे खरं आहे आणि महत्त्वाचं आहे. पण मोठ्या कंपनीला दर वर्षी तीच चव लागते, कारण तिची बाटली गुवाहाटीपासून कोचीपर्यंत जाते. लहान घराला एखाद्या वर्षी वेगळी वाईन निघाली तर ती तशीच विकता येते. माणसं येतात, विचारतात, मालक सांगतो की यंदा जानेवारीत ढग होते.

किराणा दुकानातली फळी. ही येण्याआधीच गेली. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने ठरवलं की एक हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटांत वेगळ्या कपाटातून वाईन विकता येईल. राज्यातल्या छोट्या वायनऱ्यांना मोठं वितरण परवडत नाही, त्यांना ग्राहकापर्यंत पोचता यावं, असा हेतू सांगितला गेला. विरोध झाला, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, निर्णय अमलात आला नाही. दारूने घरं उद्ध्वस्त झालेली बघितलेल्या बाईचा विरोध मला समजतो, त्याला मी खोटं म्हणणार नाही. पण त्या चर्चेत चार एकरवाला वायनरीमालक कुठेच दिसला नाही. त्याच्या नावाने निर्णय झाला, आणि निर्णय मागे पडला तेव्हा त्याला कुणी विचारलं नाही.

म्हातारा वेल. आता ज्याच्यासाठी ही यादी करायला घेतली ते.

द्राक्षाचा वेल शंभर वर्षं जगू शकतो. स्लोव्हेनियात मारिबोर शहरात नदीकाठच्या एका घराच्या भिंतीवर चारशे वर्षांहून जुना वेल आहे. तो अजून फळतो. त्याची वाईन पाव लिटरच्या चिमुकल्या बाटल्यांत भरतात, शहराची भेट म्हणून देतात, आणि त्याच्या काड्या जगभरच्या गावांना पाठवतात. ऑस्ट्रेलियाच्या बरोसा खोऱ्यात १८४३ साली लावलेली शिराझ उभी आहे. म्हातारा वेल फळ कमी देतो, पण त्याची मुळं खोल गेलेली असतात. पाऊस कमी-जास्त झाला तरी तो फारसा हलत नाही, आणि त्याच्या रसात एक सावकाश भरलेला दाटपणा येतो. वाईन करणारी माणसं त्यासाठी जास्त पैसे मोजतात.

१९८० च्या दशकात मालाचा पूर आला तेव्हा दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या सरकारने वेल उपटण्यासाठी शेतकऱ्यांना पैसे दिले. आधी जुने वेल गेले, कारण त्यांचं उत्पन्न कमी. थोड्याच वर्षांत जगाला त्याच जुन्या शिराझची चव लागली, तोवर मुळं जळणाला गेली होती. त्या चटक्यातून बरोसाने २००९ साली वेलांच्या वयाची सनद केली. पस्तीस वर्षांचा झाला की ‘जुना’, सत्तरीला ‘तगलेला’, शंभरीला ‘शतायुषी’, सव्वाशेच्या पुढे ‘पूर्वज’. दक्षिण आफ्रिकेत रोझा क्रूगर या बाईने गावोगाव हिंडून जुन्या बागा शोधल्या, नकाशावर मांडल्या. तिथे २०१८ पासून पस्तीस वर्षांहून जुन्या बागेच्या बाटलीवर शिक्का लागतो आणि शिक्क्यावर लागवडीचं साल छापतात.

आणि याच वेळी बोर्दोत पुन्हा उपटणं सुरू झालं आहे. जगाचं वाईन पिणं १९६१ नंतर एवढं खाली कधी गेलं नव्हतं. २०२३ पासून तिथे वेल काढणाऱ्याला हेक्टरी ६,००० युरो मिळू लागले. हजारो हेक्टर गेले. लहान, बिगरनामांकित बागा आधी गेल्या.

आमच्या नाशिकचा वेल म्हाताराच होत नाही. त्याला थंडीची झोप मिळत नाही. वर्षातून दोनदा छाटला जातो, दोनदा फुटतो. पाणी खारं, फळाचा भार मोठा. खोडकिडा आत पोखरतो, पिठ्या ढेकूण सालीखाली बसतो. पंधराव्या वर्षी उत्पन्न उतरलं की एका सकाळी जेसीबी येतो. शेतकऱ्याचं चुकतं असं कोण म्हणेल? त्याला वयाचे पैसे कुणी देत नाही. वायनरी किलोवर आणि ब्रिक्सवर भाव देते. वीस वर्षांच्या वेलाचा किलो आणि चार वर्षांच्या वेलाचा किलो एकाच भावाने जातो. हा भाव बदलल्याशिवाय वेल वाचणार नाही. कुठल्याही छोट्या वायनरीला मी हेच सांगेन की एखाद्या जुन्या तुकड्याची वाईन वेगळी भरा, लेबलवर लागवडीचं साल मोठ्या आकड्यात घाला, आणि त्या शेतकऱ्याला एकराने पैसे द्या.

गंगापूर धरणाच्या परिसरात सुला काढणारे राजीव सामंत यांनी १९९७ च्या सुमारास सोव्हिन्याँ ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ लावली. त्या पिढीचा वेल कुठे उभा असेल तर तो २०३२ साली पस्तीस वर्षांचा होईल. बरोसाच्या मापाने नाशिकचा पहिला जुना वेल. पण तो कुठल्या गटात आहे हे शोधायचं कसं? सातबाऱ्यावर पीक म्हणून फक्त ‘द्राक्ष’ असतं, वाण नाही, लागवडीचं साल नाही. हे माहीत असलेली माणसं अजून हयात आहेत. ज्यांनी पहिल्या काड्या भरल्या ते कलमवाले आता साठी-सत्तरीत आहेत.

म्हणून ज्यांच्याकडे २००५ च्या आधी वाईनसाठी लावलेली बाग उभी आहे त्यांना विनंती आहे. गाव, गट क्रमांक, वाण, खुंट कोणता की स्वतःच्या मुळावर, लागवडीचं साल, काडी कुणाकडून आणली आणि कलम कुणी भरलं, हे एका कागदावर लिहा. एक प्रत घरी ठेवा, एक द्राक्ष बागायतदार संघाकडे द्या. आणि बाग काढायचीच ठरली असेल तर आधीच्या ऑक्टोबर छाटणीत निघालेल्या पिकलेल्या काड्यांतून चांगल्या पंचवीस-तीस निवडा, ओल्या गोणपाटात बांधा, वर वाणाची चिठ्ठी लावा आणि त्या सुकण्याआधी पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राशी बोला. जेसीबीवाल्याला त्यानंतरची तारीख द्या.